भोवऱ्याकडे बघू नका

सुरुवातीलाच सांगते, कुत्रा माझा नव्हता. तो नणंदेचा. तिची परदेशात बदली झाली, "तिथे घर मिळालं की लगेच नेते" म्हणून ती त्याला आमच्याकडे सोडून गेली, आणि तिथे जे घर मिळालं त्यात कुत्रा ठेवायला परवानगी नव्हती. हे तिला आधी माहीत होतं का, यावर आमच्याकडे दोन मतं आहेत. माझं मत मी सांगत नाही. ती नणंद आहे.

कुत्र्याला एक लांबलचक परदेशी नाव होतं. सासऱ्यांना ते म्हणता येत नसे, म्हणून ते त्याला "अरे ए" म्हणत, आणि तो येत असे. बाकी त्याच्याबद्दल तक्रारीला जागा नव्हती. दिलेलं खायचा, नेलं तिथे जायचा, आणि दिवसभर हॉलमध्ये एकटा पडून राहायचा. एकटा, कारण हॉलमध्ये कोणी नसेच. आमच्या घरात माणसं चार आणि दारं चार. मुलगी तिच्या खोलीत अभ्यास करते, म्हणजे दार लावते. नवरा कार्यालयातून आला की त्याच्या फायली घेऊन आत बसतो. मी स्वयंपाकघरात. आणि सासरे त्यांच्या खोलीत खुर्चीवर. मागच्या वर्षी त्यांना कानाचं यंत्र आणलं. ते थोडे दिवस वापरून त्यांनी डबीत ठेवलं आणि म्हणाले, "ऐकण्यासारखं काही नाहीये." हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते, आमच्याकडे अहवालात "काही आढळले नाही" असं लिहितात, त्या सुरात म्हटलं.

तर एका संध्याकाळी मुलगी पाणी प्यायला बाहेर आली आणि तिथूनच ओरडली, "आई, हा बघ काय करतोय."

मी बाहेर आले. नवरा आला. कुत्रा हॉलच्या मधोमध स्वतःच्या शेपटीमागे गोल गोल फिरत होता. शेपटी सापडत नव्हती, सापडावी अशी त्याची इच्छाही दिसत नव्हती. नखं फरशीवर टकटक वाजत होती. थोड्या वेळाने तो थांबला, जरासा झुकला, आमच्या तिघांकडे पाहिलं, आणि पुन्हा सुरू झाला.

"नाटकं आहेत," नवरा म्हणाला.

नवऱ्याच्या मताला आमच्या घरात फारशी किंमत नाही, आणि त्याला कारण आहे. तो विमा कंपनीत दावे तपासतो. कोणाचं दुकान जळलं, कोणाची गाडी ठोकली गेली, की ते खरंच झालं का हे बघायला त्याला पाठवतात. वीस वर्षं हे काम केल्यामुळे तो जगाकडे त्याच नजरेने बघतो. मला ताप आला तरी आधी थर्मामीटर तपासतो.

मुलीने तोवर फोनवर शोधून काढलं होतं. "आई, हा ओसीडी आहे. कुत्र्यांनाही होतो. लक्षणं ऐक. शेपटीमागे धावणं. एकच जागा चाटत राहणं. नसलेल्या माश्या पकडणं. सावलीकडे टक लावून बसणं. तेच ते काम परत परत करणं, गरज नसताना." शेवटचं वाक्य तिने माझ्याकडे बघत वाचलं. माझ्या हातात फडकं होतं आणि ओटा मी नुकताच दुसऱ्यांदा पुसला होता. पण विषय कुत्र्याचा होता.

मी म्हटलं, घाईने निष्कर्ष काढायचा नाही. आधी निरीक्षण. मी विज्ञानाची पदवीधर आहे, पदव्युत्तरही आहे, आणि घरात हे सांगायची वेळ फार क्वचित येते. मी फ्रिजवर एक तक्ता लावला. नखांचा आवाज ज्याला ऐकू येईल त्याने हातातलं काम टाकून बाहेर यायचं, आणि फेऱ्या उजवीकडून की डावीकडून, किती वेळ, आधी काय झालं, थांबल्यावर त्याने काय केलं, हे सगळं बघून लिहायचं. एकाच्या नजरेत चूक होऊ शकते म्हणून शक्यतो सगळ्यांनी यायचं.

पद्धत उत्तम होती. आजही तक्त्याच्या आखणीत मला दोष दिसत नाही.

दोन-चार दिवसांत सासरे खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. "सगळे जमता कशाला रे रोज?" आम्ही सांगितलं. ते आत गेले, डबी उघडली, यंत्र कानाला लावलं आणि खुर्ची दाराजवळ ओढून बसले. त्यानंतर आवाज सगळ्यात आधी त्यांनाच येऊ लागला. "चला, लागला," असं म्हणत ते काठी घेऊन बाहेर येत. मग आम्ही चौघं सोफ्यावर ओळीने बसून बघत असू. सासरे टेलिफोन खात्यात होते. ते म्हणत, "जुन्या एक्स्चेंजमध्ये एक यंत्र असंच अडकायचं. एकदा सुरू झालं की फिरतच राही. एक बाई त्याला हळूच चापट मारायच्या, मग ते थांबायचं." कोण बाई, हे नातीने विचारलं. मग त्या बाईंची गोष्ट झाली. नवऱ्याने ती कधी ऐकली नव्हती. मीही नाही. कुत्रा थांबला तरी गोष्ट संपेपर्यंत कोणी उठत नसे, आणि गोष्ट लांबली की कुत्रा पुन्हा सुरू होई.

हे सगळं मी पाहिलं. तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून लिहिलं नाही.

फेऱ्या मात्र वाढत चालल्या. सकाळी, संध्याकाळी, पाहुणे आले की, फोन वाजला की. मग एके दिवशी खालच्या मजल्यावरचे चिटणीस वर आले. आमच्या इमारतीची समिती आहे आणि ते तिचे चिटणीस. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, त्यामुळे कुठल्याही गोष्टीची हद्द कुठून कुठपर्यंत हे त्यांना लगेच कळतं.

"वहिनी, वर कोणी टाइपरायटर चालवतं का?"

"नाही हो. कुत्र्याची नखं आहेत. तो गोल फिरतो."

"गोल. का बरं?"

"तेच तपासतोय. कदाचित मानसिक असेल."

हे मी बोलायला नको होतं. चिटणिसांनी मान हलवली, दोन पायऱ्या खाली गेले, आणि परत वर आले. "म्हणजे वेडा आहे."

"वेडा नाही. लक्षणं बघतोय अजून."

"म्हणजे ठरलेलं नाही अजून," ते म्हणाले, आणि अर्धवट मोजणी सोडून जावं तसे नाराज होऊन गेले.

संध्याकाळपर्यंत इमारतीत त्याला नाव पडलं होतं. भोवरा. त्याला ते लगेच आवडलं आणि परदेशी नाव तो कायमचं विसरला.

मग सल्ले सुरू झाले. समोरच्या दारातल्या काकू म्हणाल्या की एकटं पडलंय बिचारं, त्याचं लग्न करून द्या. हा सल्ला त्या माणसांनाही देतात आणि त्यांच्या सल्ल्याने झालेली दोन लग्नं अजून कोर्टात आहेत. तळमजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, मूळ दातात असणार, नव्वद टक्के आजारांचं मूळ दातात असतं. त्यांनी भोवऱ्याचं तोंड उघडून पाहिलं आणि दात फारच चांगले आहेत म्हणून थोडे खट्टू झाले. इलेक्ट्रिशियनचं म्हणणं असं की कुत्र्यांना जमिनीतून बारीक करंट जाणवतो. त्याने आमचा बोर्ड उघडला, वायरी मोकळ्या केल्या, "नाही, करंट नाहीये" म्हणाला, आणि ते खरं होतं, कारण तेव्हापासून हॉलच्या पंख्याला करंट नाही.

कोणीतरी म्हणालं, आरशात स्वतःला बघून असं करतात. हॉलमध्ये बेसिनवर आरसा होता. नवऱ्याने तो काढायला घेतला आणि तो फुटला. घरातला दुसरा आरसा मुलीच्या खोलीत, आणि सकाळी तिचं दार उघडेपर्यंत कार्यालयाची वेळ होते. म्हणून नवरा लिफ्टमधल्या आरशात दाढी करू लागला. तिथला उजेड चांगला आहे असं त्याचं म्हणणं. एका सकाळी कोणीतरी खालून बटण दाबलं आणि लिफ्ट तळमजल्यावर गेली. दार उघडलं तेव्हा बाहेर दंतवैद्य आणि त्यांचे दोन रुग्ण उभे होते. इमारतीत आठवडाभर वेड्या कुत्र्याची चर्चा चालू असताना, त्याच घरातला माणूस तोंडाला फेस घेऊन लिफ्टमध्ये एकटा उभा. नवऱ्याने "गुड मॉर्निंग" म्हटलं. त्याने फेस आणखी उडाला.

त्याच दिवशी समितीचं पत्र आलं. सदर प्राण्याच्या मानसिक स्वास्थ्याचा दाखला महिनाअखेर सादर करावा, अन्यथा सदर प्राणी इमारतीतून हलवावा.

मुलीने ते मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर सासऱ्यांनी कानातलं यंत्र काढलं, रुमालाने पुसलं, खिशातून डबी काढली आणि तिच्यात ठेवलं. डबीचं झाकण लावताना जो आवाज झाला तो फक्त आम्हाला ऐकू आला.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "दाखला आणायला हवा," तो म्हणाला. तोपर्यंत नणंदेला फोन करून "तुझा कुत्रा घेऊन जा" म्हणायचं हा एक मार्ग माझ्या मनात होता. तो तेव्हाच बंद झाला.

मी रजा काढून प्राण्यांच्या सरकारी कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनाने माझं सगळं शांतपणे ऐकलं. चांगला माणूस होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "बाई, लस टोचल्याचा दाखला देतो. मालकी बदलल्याचा देतो. मानसिक असा प्रकारच नाही आमच्याकडे."

"मग काय करू?"

"मेला असता तर आत्ता हातात दिला असता." त्याने हे मदत करण्याच्या इच्छेने म्हटलं. मग थोडा विचार करून म्हणाला, "असं करा. असा दाखला देता येत नाही, असा दाखला देतो. शिक्का मारून."

मी तो घेऊन आले. चिटणिसांनी तो उजेडात धरून पाहिला. कागद त्यांना आवडल्याचं दिसत होतं. पण शिक्का अर्धा कागदावर आणि अर्धा बहुधा त्या कारकुनाच्या टेबलावर उमटला होता. "हद्दीबाहेर गेलाय," ते म्हणाले. "डॉक्टरचं आणा."

डॉक्टरीण तरुण होती आणि माझ्यापेक्षा दमलेली दिसत होती, त्यामुळे मला तिच्याबद्दल लगेच विश्वास वाटला. भोवरा मात्र दवाखान्यात पाऊल टाकल्यापासून वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलासारखा बसून होता. आम्ही वाट पाहिली. तो तिच्याकडे बघत राहिला, ती त्याच्याकडे.

"नक्की कसा फिरतो?" तिने विचारलं.

"गोल."

"तसं नाही. शरीर वाकवून, की ताठ? तोंड शेपटीकडे असतं का? थांबल्यावर तोल जातो? करून दाखवता का?"

मी आजूबाजूला पाहिलं. बाकावर एक आजोबा मांजर घेऊन बसले होते, एक बाई पोपट घेऊन. आमच्या प्रयोगशाळेत कोणी असला प्रश्न विचारला असता तर मी शाबासकी दिली असती, कारण वर्णनापेक्षा प्रात्यक्षिक केव्हाही चांगलं. मी पर्स खाली ठेवली, थोडी वाकले, मान उजव्या खांद्यामागे वळवली आणि फिरले. अचूकपणासाठी शेवटी जरा झुकून समोरच्या भिंतीकडे पाहिलं. आजोबांनी मांजर दुसऱ्या मांडीवर घेतलं. भोवऱ्याने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, आणि मला खात्री आहे, त्याला माझी लाज वाटली.

"बरं," डॉक्टरीण म्हणाली. ती हसली नाही, हे तिचे उपकार. "खाणंपिणं सोडून फिरतो का?"

"नाही. जेवताना कधीच नाही."

"हाक मारली तर थांबतो?"

"थांबतो. बघतो. मग परत सुरू."

"शेपटीला, पायाला जखम?"

"नाही." माझ्याकडे सगळी उत्तरं होती. तक्ता घडी करून पर्समध्ये होता. मी मनातल्या मनात त्या आखणीचं पुन्हा कौतुक केलं.

"आणि घरात कोणी नसताना?"

"म्हणजे?"

"कोणी बघत नसताना फिरतो का?"

"कोणी बघत नसताना मी कसं..." इथे मी थांबले.

आमच्या प्रयोगशाळेत पाण्याच्या प्रत्येक नमुन्याबरोबर शुद्ध पाण्याचीही तीच तपासणी करतात. त्याला ब्लँक म्हणतात. ब्लँक नसेल तर दोष पाण्यात आहे की आपल्याच बाटलीत, हे कळायला मार्ग नसतो. नवीन आलेल्या मुली ब्लँक लावायला विसरल्या की मी त्यांना सगळं काम पहिल्यापासून करायला लावते, आणि त्या माझ्या मागे मला काय म्हणतात तेही मला माहीत आहे. इतके दिवस मी ज्या कुत्र्याचं निरीक्षण केलं, तो प्रत्येक वेळी चार माणसं बघत असलेला कुत्रा होता.

डॉक्टरीण सांगत होती, "खरा आजार असेल तर कोणी असो नसो, तो तेच करेल. जेवण टाकून करेल, जखम होईपर्यंत करेल, हाक कानात शिरणार नाही. तुमचं वर्णन तसं वाटत नाही. पण आधी बघा."

बघायचं म्हणजे घर रिकामं हवं. सासरे कित्येक महिन्यांत उंबरठ्याबाहेर गेले नव्हते. नवऱ्याने त्यांना कागदावर लिहून दाखवलं, "भोवऱ्याची परीक्षा आहे, सगळ्यांनी बाहेर जायचं." त्यांनी ते दोनदा वाचलं, चप्पल शोधली, आणि म्हणाले, "पास होईल का?" मुलीने तिचा फोन पुस्तकांच्या कपाटावर लावला, आम्ही चौघं बाहेर पडलो, दार ओढून घेतलं, आणि लांब जायची सवय नसल्यामुळे दाराबाहेरच्या जिन्यावर बसलो. नवऱ्याच्या फोनवर आतलं दिसत होतं. चौघांची डोकी एकत्र.

भोवरा दाराशी आला. वास घेतला. हॉलच्या मधोमध जाऊन उभा राहिला. आम्ही श्वास रोखला. मग तो सोफ्याखाली गेला आणि झोपला.

आम्ही बराच वेळ बसलो. काकूंनी दार उघडून पाहिलं. "किल्ली हरवली का गं?"

"नाही काकू. कुत्रा झोपलाय."

"मग?"

"बघतोय."

काकूंनी हळूच दार लावून घेतलं. आतून कडीही लावली.

फोनवर भोवरा कूस बदलून पुन्हा झोपला. नवऱ्याने घसा साफ केला. मला माहीत होतं काय येणार ते.

"मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"नाटकं आहेत म्हटलं होतं."

"हो, ऐकलं मी."

"तक्ता नव्हता माझ्याकडे. नुसतं बघून म्हटलं."

वीस वर्षांत त्याला मिळालेला हा सगळ्यात निर्भेळ आनंद असावा. मी ब्लँक लावला नव्हता. अशा माणसाने बोलायचं नसतं.

डॉक्टरणीने फोनवर उपाय सांगितला. "त्याला कळलंय की मी फिरलो की सगळे येतात. तुम्हीच शिकवलंय ते. आता उलटं करायचं. फिरायला लागला की बघायचं नाही, बोलायचं नाही, हसायचं नाही. गप्प पडलेला असेल तेव्हा त्याच्याजवळ जाऊन बसायचं. आणि एक, सुरुवातीला वाढेल. लोक येईनासे झाले की तो आधी जोर लावून बघणार." तिने दाखलाही दिला. कुत्रा शरीराने व मनाने निरोगी आहे. पूर्ण शिक्का.

चिटणिसांनी तो वाचला. "निरोगी आहे हे लिहिलंय. फिरत नाही हे कुठे लिहिलंय?"

"फिरतो. पण आजार आहे म्हणून नाही."

"म्हणजे वेड नसताना वेड्यासारखं वागतो. हे जास्त गंभीर आहे, वहिनी." मग ते जरा नरमले. "समिती रविवारी सकाळी स्वतः येऊन बघेल. फिरला नाही, तर विषय संपला."

रविवारपर्यंत भोवऱ्याने जोर लावला. आम्ही भिंतीकडे तोंड करून जेवलो. मुलगी डोळ्यांवर हात ठेवून हॉलमधून जायची आणि दोनदा टीपॉयवर आपटली. सासरे खोलीतच होते. यंत्र डबीत.

रविवारी समिती आली. चिटणीस, दंतवैद्य आणि समोरच्या काकू. सोफ्यावर ओळीने बसले, आम्ही बसायचो तसेच. मी चहा ठेवला आणि म्हटलं, "एकच विनंती आहे. तो फिरायला लागला तर कृपा करून त्याच्याकडे बघू नका."

चिटणिसांनी कप खाली ठेवला. "आम्ही बघायला आलोय."

"हो. पण बघितलं की फिरतो."

"आणि नाही बघितलं तर आम्हाला कसं कळणार फिरत नाही ते?"

प्रश्न योग्य होता. मोठमोठ्या शास्त्रज्ञांना याचं उत्तर मिळालेलं नाही, मी कुठून देणार? तेवढ्यात सासरे दारात आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. त्यांच्या कानात यंत्र होतं. ते येऊन खुर्चीवर बसले, दोन्ही हात काठीवर ठेवले, आणि चिटणिसांना म्हणाले, "वर बघा."

"काय?"

"वर. मी वर बघतो. सोपं जातं."

भोवऱ्याने सुरुवात केली. असा तो कधीच फिरला नव्हता. टकटक नव्हे, नुसती घरघर ऐकू येत होती. मी वर पाहिलं. नवऱ्याने वर पाहिलं. मुलीने पाहिलं. पाहुण्यांना पाहुणचाराची लाज असते, त्यांनीही हळूहळू माना वर केल्या. सातजण छताकडे बघत बसलो. माझे तळहात घामेजले होते, आणि पंखा बंद होता.

"हा डाग कसला?" चिटणीस म्हणाले.

छतावर एक पिवळट डाग होता. कधीपासूनचा, मला माहीत नव्हतं. पंखा बंद झाल्यापासून कोणी वर बघितलंच नव्हतं.

"गळती आहे," काकू म्हणाल्या. "वरच्यांच्या न्हाणीघराची."

"वरच्यांची नाही, ती आडवी पाइप आहे. आडवी पाइप समितीकडे येते," दंतवैद्य म्हणाले.

"आडवी पाइप समितीकडे कधीच येत नाही," चिटणीस म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदा जीव आला. "उभी येते. आडवी ज्याच्या हद्दीत त्याची."

"माझ्या दवाखान्यात गळलं तेव्हा तुम्ही उलटं म्हणाला होतात."

"तुमची तिरकी होती."

मग जे सुरू झालं ते मी सांगत बसत नाही. जुने ठराव निघाले. दंतवैद्य उभे राहून छताला हात लावू पाहत होते, काकू त्यांना टीपॉयवर चढा म्हणत होत्या, चिटणीस बोटाने हवेत पाइप काढून दाखवत होते. खालच्या दिशेने कोणी एकदाही पाहिलं नाही. मी तेवढं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. माझा नाइलाज होता, निरीक्षण कोणी तरी करायलाच हवं. भोवरा मंदावला. थांबला. एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. एकही चेहरा सापडला नाही, नुसत्या हनुवट्या. त्याने लांबलचक जांभई दिली, चालत गेला आणि चिटणिसांच्या पावलावर डोकं ठेवून पडला.

पाइपचा निकाल लागला नाही. चिटणीस उठायला गेले आणि तसेच अर्धवट थांबले. "हा इथे कधी आला?"

"मघापासून तिथेच आहे," सासरे म्हणाले.

चिटणिसांनी पाय हलवला नाही. जरा वेळ खाली बघत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "प्राण्याबद्दल समितीची हरकत नाही. छताबद्दल आहे. पत्र येईल."

ते आलं. त्याची कथा वेगळी आहे आणि ती सांगायचं त्राण माझ्यात नाही.

भोवरा बरा झाला. म्हणजे तो आजारी नव्हताच, पण बरा झाला. फेऱ्या कमी होत होत थांबल्या. मी तक्ता फ्रिजवरून काढला. नवरा फायली घेऊन आत बसू लागला. मुलीचं दार लागलं. हॉलमध्ये पुन्हा भोवरा एकटा, गप्प पडलेला असतो. गप्प पडलेला असेल तेव्हा जाऊन बसायचं, असं डॉक्टरणीने सांगितलं होतं. सुरुवातीला बसलो. पण जे कुत्रं काहीच करत नाही त्याच्याकडे रोज कोण बघत बसणार?

परवा संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. सासरे त्यांच्या दारात उभे राहिलेले दिसले. काठी हातात, मान किंचित वाकडी, कान हॉलच्या दिशेला.

"आज काही नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. आता थांबलंय ते."

"हं. चांगलं झालं." त्यांनी खिशातून डबी काढली आणि एक हात कानातल्या यंत्राकडे नेला.

मी आजवर अहवालातला एकही आकडा बदललेला नाही. एकदा आमच्या साहेबांनीच, एकदा मंत्र्यांच्या कचेरीतून सांगितलं होतं, तरी नाही. मी फडकं ओट्यावर ठेवलं आणि हॉलमध्ये जाऊन जरा मोठ्याने म्हटलं, "बाबा, थांबा. लागलाय. सगळे या लवकर."

सासऱ्यांचा हात खाली आला. ते काठी टेकत बाहेर आले. मुलीचं दार उघडलं. नवरा चष्मा कपाळावर चढवून आला.

भोवरा सोफ्याखाली गाढ झोपलेला होता. एक पाय वर, तोंड उघडं.

मुलगी म्हणाली, "आई, हा तर..." आणि थांबली, कारण नवऱ्याने हात वर केला होता. त्याने वाकून कुत्र्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग सासऱ्यांच्या दुसऱ्या हातातल्या उघड्या डबीकडे. वीस वर्षांत त्याच्या नजरेखालून एकही खोटा दावा गेलेला नाही, हे त्याच्या कार्यालयात सगळ्यांना माहीत आहे.

"आत्ताच थांबलेला दिसतोय," तो म्हणाला, आणि त्याने सासऱ्यांची खुर्ची पुढे ओढली. "बसा बाबा. परत सुरू करेल. तोवर ते त्या बाईंचं काय झालं पुढे?"